पहिलं पाकीट विकण्याची कृती

घरगुती खाद्यपदार्थांचा उद्योग करायचं मनात असलेल्या पुष्कळ लोकांकडे एक वही असते. तिच्यात नावांचे पर्याय असतात, लोगोची रेखाटनं असतात, पाकिटांचे दर, इतरांच्या मालाच्या किमती, तीन वर्षांच्या उलाढालीचा तक्ता असं सगळं असतं. कोणी, कधी आणि किती पैसे मोजून माल नेला, ही नोंद मात्र नसते. वर्ष उलटतं, वही भरत जाते, पण गिऱ्हाईक अजून आलेलं नसतं.

ही माणसं आळशी नसतात. बहुतेक जण कमालीचे मेहनती, चवीला पक्के आणि शब्दाला जागणारे असतात. आपल्या हातून वाईट माल जाऊ नये ही त्यांची तळमळ खरी असते आणि ती मोलाची आहे. अडचण एवढीच होते की चवीला लावायची कसोटी पाकिटाच्या रंगाला, नावाला, इन्स्टाग्रामच्या पानालाही लावली जाते आणि सगळंच एकाच वेळी निर्दोष व्हायला हवं असं वाटू लागतं. म्हणून इथे काटेकोरपणा सोडायला सांगितलेलं नाही. तो कुठे लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, हे आधी ठरवून कामाला लागण्याची ही रीत आहे.

उदाहरणाला थालीपिठाची भाजणी घेऊ. ती घरात करता येते, यंत्रं लागत नाहीत, दळण गिरणीतून आणता येतं, माल कोरडा असल्याने काही आठवडे टिकतो आणि वर्षभर खपतो. तुमचा उद्योग शिवणकामाचा, शिकवणीचा किंवा मोबाइल ॲपचा असला तरी पायऱ्या याच राहतील, त्यातले तपशील तेवढे बदलतील.

साहित्य: एक वही, एक वजनकाटा, एक ठरलेली तारीख आणि बुडाली तरी घरात वाद होणार नाही एवढी रक्कम.

पहिली पायरी: डोक्यातलं सगळं कागदावर आणा आणि तीन ढीग करा

एका बैठकीत, जास्तीत जास्त तासाभरात, उद्योगाबद्दल मनात घोळणारा प्रत्येक प्रश्न लिहून काढा. नाव काय, पाकीट कुठलं, मीठ घालून द्यायची की बिनमिठाची, दुकानात ठेवायची की थेट विकायची, परवाना, जीएसटी, वेबसाइट, फोटो, दर, चोरून कोणी कृती नेली तर, परदेशी पाठवता येईल का. क्रम लावत बसू नका.

मग प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या लावा. हे चुकलं तर दुसऱ्या कोणाचं नुकसान होईल का? आणि हे चुकलं तर महिनाभरात थोडक्या खर्चात बदलता येईल का?

ज्याने दुसऱ्याला अपाय होऊ शकतो किंवा जे एकदा केलं की मागे फिरवता येत नाही, ते पहिल्या ढिगात जाईल. तिथे तुमचा सगळा काटेकोरपणा ओता. भाजणीच्या बाबतीत या ढिगात काय येतं ते नीट पाहू, कारण तो वाटतो त्यापेक्षा लहान निघतो.

पहिलं, अन्नाची सुरक्षितता. धान्य निवडणं, धुतलं तर पूर्ण वाळवणं, सगळं नीट भाजणं आणि गरम पीठ पाकिटात न भरणं. बाजरीच्या पिठातल्या स्निग्धांशामुळे त्याला लवकर कडसर, खवट वास येतो. बाजरी कमी भाजली गेली तर पूर्ण भाजणी वाया जाते. गिरणीत तुमच्या आधी काय दळलं गेलं याचीही चौकशी करा. मिरचीच्या पाठोपाठ भाजणी दळू नये. शेंगदाणे किंवा सोयाबीन दळलेलं असेल तर प्रश्न चवीपुरता राहत नाही, कारण त्याची ॲलर्जी असलेल्याला अगदी थोडा अंशही त्रास देऊ शकतो.

दुसरं, नोंदणी. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान उत्पादकाचा अर्ज फॉसकॉस या संकेतस्थळावरून करता येतो आणि त्याचं शुल्क वर्षाला 100 रुपये असं बरीच वर्षं राहिलेलं आहे. अर्ज करताना चालू नियम तिथेच पाहून घ्या. ज्या कामाच्या धास्तीने लोक महिनोन्महिने थांबतात, ते अर्जापुरतं बघितलं तर एका दुपारचं असतं.

तिसरं, लेबलवरचा मजकूर. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, तुमचं नाव-पत्ता आणि संपर्क, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसह किंमत, 14 अंकी एफएसएसएआय क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि भाजणीत गहू असेल तर तशी स्पष्ट सूचना. हा मजकूर अचूकच हवा. तो कुठल्या अक्षरवळणात छापला याने कोणाचं काही बिघडत नाही.

चौथं, पैसे आणि नाती. कर्ज, भागीदारी, नोकरीचा राजीनामा, गाळ्याचा भाडेकरार. यातलं काहीही पहिल्या पाकिटासाठी लागत नाही. म्हणून घाई न करता ते सरळ पुढे ढकला. भागीदार आताच असेल, तर कोणी किती पैसे घातले आणि कोण काय काम करणार हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

पहिला ढीग इथे संपतो.

दुसऱ्या ढिगात आज ठरवायला हवं, पण उद्या बदलता येईल असं सगळं जाईल: पाकिटाचं वजन, किंमत, पाकिटाचा प्रकार, पहिली गिऱ्हाइकं कोण. या प्रत्येकाला जास्तीत जास्त अर्धा तास द्या. दोन पर्याय सारखेच वाटत असतील तर स्वस्त पर्याय घ्या. दोन्ही सारखे वाटतात याचा अर्थच असा की घरात बसून त्यातला फरक कळणार नाही.

उरलेलं सगळं तिसऱ्या ढिगात टाका. त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘पन्नास पाकिटं विकल्यावर’. वेबसाइट, ट्रेडमार्क, जीएसटी, कुरिअर, दुसरा पदार्थ, निर्यात. हे प्रश्न खोटे नाहीत, फक्त त्यांची वेळ आलेली नाही. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्या लहान उत्पादकाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. वीस पाकिटं विकायच्या आधी त्यावर रात्री जागवणं म्हणजे ताकद चुकीच्या ठिकाणी घालवणं आहे.

ब्रँडचं नाव कुठल्या ढिगात घालायचं, यावर लोक सर्वांत जास्त अडतात. ते तिसऱ्यात घाला. का, ते एका उदाहरणातून पाहू. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल म्हणून त्यांनी 80 रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं तयार झाली. ‘लिज्जत’ हे नाव त्यांना मिळालं 1962 मध्ये, तेही छोटंसं बक्षीस लावून सुचवण्या मागवल्यावर. म्हणजे आज देशभर ओळखलं जाणारं ते नाव पहिल्या पापडानंतर तीन वर्षांनी आलं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. मार्चमध्ये गच्चीवर बसून पावसाळ्याची योजना आखत राहिल्या असत्या तर तो पहिला उन्हाळाही हातचा गेला असता.

याच गोष्टीची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या आणि हलकी प्रत स्वस्तात विकायची होती. पैसे उसने देणारे छगनलाल पारेख यांनी त्यांना प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका, असा सल्ला दिला. नाव नव्हतं, छप्पर नव्हतं, पण मालाच्या प्रतीबद्दलचा आग्रह त्याआधीच धरला गेला. दोन ढिगांमधली रेघ कुठे ओढायची हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी पायरी: किती बुडालं तर चालेल ते ठरवा

बहुतेक योजना ‘किती मिळेल?’ या प्रश्नाने सुरू होतात आणि त्याचं उत्तर कोणालाच माहीत नसल्याने तक्ते वाढत जातात. सरस सरस्वती या संशोधिकेने अनुभवी उद्योजक प्रत्यक्षात विचार कसा करतात याचा अभ्यास करून 2001 मध्ये एक मांडणी केली. तिच्यातला एक भाग असा, की हे लोक नफ्याच्या अंदाजाऐवजी परवडणाऱ्या नुकसानापासून सुरुवात करतात. गेले तर गेले, असं किती पैशांबद्दल म्हणता येईल ते आधी ठरवतात आणि तेवढ्यात काय करता येईल ते करतात.

तुमचा आकडा घरातल्यांसमोर लिहा. दोन हजार असेल तर दोन हजार. पैशांइतकाच वेळही लिहा: रविवारची सकाळ आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, एवढंच. आकडा ठरला की पुष्कळ प्रश्न आपोआप गळतात. दोन हजारांत छापील पाकिटांची हजारांची ऑर्डर बसत नाही, त्यामुळे साधं झिप पाऊच आणि चिकटवायचं लेबल हाच पर्याय उरतो.

तिसरी पायरी: तारीख स्वतःपुरती ठेवू नका

मनातली तारीख सरकते. दुसऱ्याशी बांधलेली तारीख सरकवणं अवघड जातं. म्हणून नोंदणी क्रमांक हाती येताच पाच जणांना कळवा की अमुक शनिवारी भाजणीची पाकिटं मिळतील, आणि शक्य असेल तर पैसे आधी घ्या. शंभर रुपये यूपीआयने आले की तुम्ही योजनेतून बाहेर पडून व्यवहारात आलात.

दिवाळीच्या चकलीची भाजणी करणाऱ्यांना ही पायरी फुकटात मिळते, कारण दिवाळी कोणासाठी थांबत नाही आणि भाऊबीज उलटल्यावर चकलीची भाजणी फारसं कोणी विचारत नाही. ज्यांना सारखं पुढे ढकलायची सवय आहे त्यांनी असाच सणाला बांधलेला पदार्थ पहिल्यांदा घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन.

चौथी पायरी: ‘चांगली’ म्हणजे काय ते आधी मोजमापात लिहा

परिपूर्णतेच्या आग्रहाला शेवट नसतो, कारण ती कुठे पूर्ण होते हे कधी लिहिलेलंच नसतं. म्हणून भाजणी करायच्या आधी लिहा: किती जाडसर (चाळणीचा नंबर ठरवा), वाटीभर भाजणीला पाणी किती लागतं, थापताना कडा फाटतात का, तव्यावर कच्चा वास येतो का, धणे-जिरे वजनाने किती. पाच-सहा मुद्दे पुरे.

मग दोन नमुने करा, प्रत्येकी अर्धा किलोचे. ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजाने’ हे शब्द विसरून प्रत्येक घटक वजनकाट्यावर मोजा आणि कोणता घटक किती मिनिटं, कुठल्या आचेवर भाजला ते लिहा. ज्या नमुन्याने सगळे मुद्दे गाठले तोच पहिला माल. दोन्ही उतरले तर पहिला घ्या. एकही उतरला नाही तर तिसरा करा, मात्र मुद्दे वाढवू नका. नमुना करताना सुचलेली प्रत्येक नवी सुधारणा तिसऱ्या ढिगाच्या पानावर जाईल. ही शिस्त कठीण आहे, विशेषतः उत्तम स्वयंपाक करणाऱ्याला, कारण त्याच्या जिभेला अजून चांगलं नेहमीच कळतं. पण विकत घेणाऱ्याला प्रत्येक वेळी तीच चव हवी असते. सगळं मोजलेलं असेल तरच ती देता येते.

याच वेळी चार छोटी पाकिटं भरून बाजूला ठेवा. पंधरा दिवसांनी एक, महिन्याने दुसरं, मग दीड आणि दोन महिन्यांनी उरलेली फोडून वास घ्या, थालीपीठ लावून खा. ‘कधीपर्यंत वापरावं’ ही तारीख या निरीक्षणावरून हळूहळू वाढवा. तोपर्यंत लेबलवर कमी मुदत लिहा.

पाचवी पायरी: पहिला घाणा आणि खरा हिशेब

पहिला घाणा पाच-सहा किलोंपेक्षा मोठा नको. त्याचा हिशेब मात्र पैशापर्यंत करा, कारण इथे तुमची काटेकोर वृत्ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. नमुन्यादाखल आकडे घेऊ. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

सहा किलो धान्य-डाळी-मसाला, सरासरी 90 रुपये किलोने 540 रुपये. भाजून, दळून, चाळून हातात साडेपाच किलो आली, म्हणजे पाव किलोची 22 पाकिटं. गॅस 60, दळणाचे 70, पाकीट आणि लेबल प्रत्येकी 8 प्रमाणे 176. एकूण 846, म्हणजे पाकिटामागे साधारण साडेअडतीस रुपये. इथे थांबून 60 रुपये किंमत लावली तर भरपूर सुटतात असं वाटतं. पण निवडण्यापासून पाकीट बंद करण्यापर्यंत सहा तास गेले. तासाला 80 रुपये धरले तर 480 रुपये मजुरी. आता एकूण 1,326 आणि पाकिटामागे 60 रुपयांहून थोडे जास्तच. म्हणजे 60 ला विकलं तर तुम्ही स्वतःच्या घरात मजुरी केली, उद्योगाला काहीच उरलं नाही.

आपली मजुरी न धरणं ही घरगुती उद्योगातली सर्वांत महागडी सवय आहे. बायकांच्या बाबतीत ती जास्त दिसते, कारण घरातल्या त्यांच्या कामाची किंमत कोणी कधी केलेलीच नसते. ती धरा. किंमत 80 किंवा 90 लावा. कोणी घेतलं नाही तर पुढच्या घाण्याला कमी करता येईल.

सहावी पायरी: वीस जणांना विका

द्यायची नाही, विकायची. फुकट दिलेल्या भाजणीबद्दल कोणीही खरं बोलत नाही.

विसांपैकी निम्मे तरी तुमचे नातेवाईक आणि जिवलग नसावेत. सोसायटीतली, ऑफिसातली, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी भेटणारी माणसं चालतील. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून, इतरांकडून, आणि ‘लोक माझ्याकडून निर्दोषपणाची अपेक्षा करतात’ या समजातून आलेला. उद्योगाच्या उंबरठ्यावर अडवतो तो बहुतेक वेळा हा तिसरा. सासरचे काय म्हणतील, इंजिनिअर होऊन पीठ विकतो म्हणतील. हा काटा ज्यांना टोचतो त्यांनी आपल्या वर्तुळाबाहेरच्या गिऱ्हाइकांपासूनच सुरुवात करावी. अनोळखी माणसाला तुमची पदवी ठाऊक नसते, त्याला थालीपीठ कसं झालं एवढंच माहीत असतं.

आठवड्याने प्रत्येकाला फोन करा. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ एवढंच येतं. विचारा: पाकीट संपलं का? कोणी खाल्लं, कधी? पाणी किती घातलं? परत हवं आहे का आणि कधी? संपलं नसेल तर का राहिलं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. सफाई देऊ नका, समजावून सांगू नका. ‘थापताना तुटतं हो’ असं कोणी म्हणालं तर ‘कोमट पाण्यात भिजवायला हवं होतं’ हे तोंडावर आलं तरी गिळा. तीन जणांनी तेच सांगितलं तर कोमट पाण्याची ओळ लेबलवर जायला हवी, आणि ही गोष्ट वर्षभर वहीत शोधूनही तुम्हाला सापडली नसती.

सातवी पायरी: एका घाण्यात एकच बदल

वीस जणांचं ऐकल्यावर नेटका माणूस पुन्हा सगळं बदलायला धावतो: कृती, पाकीट, किंमत, नाव. तसं केलं तर पुढच्या वेळी खप वाढला किंवा घटला तरी कशामुळे ते कळत नाही. सगळ्यात जास्त जणांनी सांगितलेली एकच गोष्ट निवडा, ती बदला आणि पुढचा घाणा घ्या. सुरक्षिततेची तक्रार याला अपवाद. खवट वास, खडा, किडा असं एकानेही सांगितलं तर त्या बॅचची सगळी पाकिटं परत मागवा, पैसे परत करा आणि कारण सापडेपर्यंत विक्री थांबवा. बॅच क्रमांक यासाठीच लिहिलेला असतो.

मध्येच गाडी अडली तर

अडेल, हे धरून चाला. खुणा ओळखीच्या आहेत. चौथ्यांदा लोगो बदलावासा वाटतो, आणखी एक कोर्स करावासा वाटतो, दुसऱ्या कोणाचं सुंदर पाकीट पाहून आपलं विकायची लाज वाटते, दोन आठवडे वहीत विक्रीची नोंद होत नाही पण वाचन जोरात चालू असतं.

अशा वेळी मनाला समजावत बसू नका. पुढची कृती इतकी लहान करा की ती आजच झाली पाहिजे: एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन, एक किलो ज्वारी आणणं, पाच लेबलं चिकटवणं. वाचनाला आणि चौकशीला आठवड्याचा एक ठरावीक तास द्या आणि तोही हातात एखादा नेमका प्रश्न असेल तरच. ‘पॅकेजिंगबद्दल बघू’ हा प्रश्न नव्हे. ‘पाव किलोच्या पाऊचचं तोंड प्रवासात उघडतं, कुठला सीलर घ्यावा’ हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तासाभरात मिळतं.

झोप उडणं, छातीत धडधड, चुकीच्या भीतीने उद्योगाबाहेरचीही रोजची कामं अडणं असं होत असेल, तर ते कृतीच्या पायऱ्यांनी सुटणारं नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी, जशी पाठ दुखल्यावर डॉक्टरची घेतो.

पन्नास पाकिटांनंतर

आता तिसऱ्या ढिगाचं पान उघडा. त्यातले बरेच प्रश्न स्वतःहून मिटलेले दिसतील, त्यांवर काट मारा. उरलेल्यांत ज्यांच्यामुळे गेल्या महिन्यात खरोखर एखादी विक्री हुकली, तेवढेच पहिल्या-दुसऱ्या ढिगात आणा. आतापर्यंत केली नसेल तर उद्यम नोंदणी करून टाका; ती आधार क्रमांकावर ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. नाव लोकांच्या तोंडी बसत असेल तर ट्रेडमार्कचा अर्ज करायला ही योग्य वेळ आहे. दुकानदाराने माल मागितला तर आधी त्याचं कमिशन धरून पाचव्या पायरीचा हिशेब पुन्हा मांडा, आणि त्या भावात मजुरी निघत नसेल तर त्याला सध्या जमत नाही असं सांगा.